हार्ड डिस्कचे विभाजन व आखणी

हार्ड डिस्क (दृढ चकती) माहिती साठविण्यास योग्य व्हावी म्हणून तिच्यावर ज्या पूर्वक्रिया कराव्या लागतात, त्यांना विभाजन (पार्टिशन) व आखणी (फॉरमॅट) असे म्हणतात. कारखान्यातून आलेली चुंबकीय चकती ही केवळ लेपित पृष्ठ असते. तिच्यावर कोठे काय लिहावे व लिहिलेले पुन्हा कोठे शोधावे, यासंबंधीची कोणतीही खूण तिच्यावर नसते. ती खूण करण्याचे काम तीन टप्प्यांत होते : (१) निम्नस्तरीय आखणी : पृष्ठावर पथ व सेक्टर यांच्या चुंबकीय सीमा उमटविणे (२) विभाजन : संपूर्ण चकतीचे एक किंवा अधिक स्वतंत्र भाग पाडून त्यांची नोंद करणे (३) उच्चस्तरीय आखणी : प्रत्येक भागात परिचालन प्रणालीची (संगणकाची सर्व कामे चालविणाऱ्या आज्ञावलीची) दप्तरे उघडणे. गावाच्या शिवाराची प्रथम मोजणी होऊन हद्दीचे दगड बसतात, मग गट पडतात आणि शेवटी प्रत्येक गटाचा उतारा तयार होतो. या क्रमाशी वरील तीन टप्प्यांचे साम्य आहे. उतारा हरवला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, परंतु ती कोणाची व कोठून कोठवर, हे सांगता येत नाही. चकतीवरील मजकूर व त्या मजकुराची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुरुवातीच्या व्यक्तिगत संगणकांच्या काळात झालेली बहुतेक हानी आणि तीतून साधलेली पुनःप्राप्ती, ही दोन्ही या भेदातून उद्‌भवली.

पूर्वपीठिका : चुंबकीय चकतीचा संगणकातील पहिला व्यापारी उपयोग आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या यंत्रात १९५६ मध्ये झाला. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या असून त्यांवर एकूण ५० लक्ष अक्षरे मावत. १९७३ मध्ये त्याच कंपनीने ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखले जाणारे ३३४० हे एकक प्रचारात आणले. यात चकत्या व वाचन-लेखन शीर्षे (हेड) एकाच बंदिस्त पेटीत ठेवलेली होती आणि यंत्र थांबले की, शीर्षे चकतीच्या वंगणयुक्त पृष्ठावरच टेकत. पुढील काळातील लहान हार्ड डिस्कचा मूळ आराखडा हाच होय. अ‍ॅलन शुगार्ट व फिनिस कॉनर यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे सीगेट या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९८० मध्ये एसटी-५०६ ही ५ मेगॅबाइट क्षमतेची चकती तयार केली. ५·२५ इंची (सु. १३ सेंमी.) लवचिक चकतीच्या (फ्लॉपीच्या) खणात बसणारी ही पहिली हार्ड डिस्क होय.

त्या वेळच्या लहान संगणकांच्या परिचालन प्रणाली मात्र फ्लॉपीसाठीच रचलेल्या होत्या. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेल्या सीपी/एम या प्रणालीच्या २·२ या आवृत्तीत (१९७९) एका तार्किक चकतीची कमाल मर्यादा ८ मेगॅबाइट होती. तीहून मोठी चकती जोडायची असल्यास तिचे अनेक भाग करून प्रत्येकास वेगळे अक्षर देणे भाग पडे. अ‍ॅपल कंपनीने १९८१ मध्ये प्रोफाईल हे ५ मेगॅबाइटचे एकक विक्रीस आणले. ऑगस्ट १९८१ मध्ये निघालेल्या आयबीएमच्या पहिल्या व्यक्तिगत संगणकात (पीसी) हार्ड डिस्क नव्हती आणि त्याच्या डॉस या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत तिची सोयही नव्हती. ८ मार्च १९८३ रोजी जाहीर झालेल्या पीसी/एक्सटी या संगणकात १० मेगॅबाइटची हार्ड डिस्क बसविलेली होती आणि तिच्यासाठीच डॉसची २·० ही आवृत्ती सिद्ध करण्यात आली. एफडिस्क ही विभाजनाची आज्ञा, विभाजन कोष्टक आणि एकात एक अशा निर्देशिका या आवृत्तीपासून रूढ झाल्या. पीसी/एक्सटीचे अनुकरण जगभर झाल्यामुळे त्या वर्षी ठरलेल्या पद्धती पुढे कित्येक दशके टिकून राहिल्या.

चकतीवरील मोजमाप : चकतीच्या प्रत्येक पृष्ठावर समकेंद्री वर्तुळाकार पथ (ट्रॅक) असतात. सर्व पृष्ठांवरील समान त्रिज्येच्या पथांच्या समूहास सिलिंडर म्हणतात. प्रत्येक पथाचे समान तुकडे केले जातात, त्यांना सेक्टर म्हणतात. व्यक्तिगत संगणकांत सेक्टरचे आकारमान ५१२ बाइट असे रूढ झाले. सिलिंडर, शीर्ष व सेक्टर या तीन अंकांनी चकतीवरील कोणतेही स्थान निश्चित होते. पीसी/एक्सटीमधील १० मेगॅबाइटच्या चकतीत ३०६ सिलिंडर, ४ शीर्षे व प्रत्येक पथावर १७ सेक्टर होते. म्हणजे एकूण २०,८०८ सेक्टर व १,०६,५३,६९६ बाइट होत. पुढे फार प्रचारात आलेल्या एसटी-२२५ या चकतीत ६१५ सिलिंडर असल्याने तिची क्षमता २,१४,११,८४० बाइट, म्हणजे व्यवहारातील २० मेगॅबाइट, एवढी होती.

निम्नस्तरीय आखणी : सुरुवातीच्या पद्धतीत चकती व तिचा नियंत्रक (कंट्रोलर) ही दोन वेगळी एकके असत. नियंत्रकाचा फलक संगणकात बसवून तो दोन फितींनी चकतीस जोडला जाई. पथावरील सेक्टरच्या सीमा व क्रमांक नियंत्रकच उमटवीत असल्यामुळे एका नियंत्रकाने आखलेली चकती दुसऱ्या प्रकारच्या नियंत्रकास बहुधा वाचता येत नसे. नियंत्रक बदलला की, आखणी नव्याने करावी लागे व पूर्वीची सर्व माहिती जाई. अनेक नियंत्रकांच्या फलकावरच आखणीची आज्ञावली कायम स्वरूपात कोरलेली असे. डॉसमधील डीबग ही आज्ञावली चालू करून ‘जी=सी८००:५’ हा पत्ता टंकलिखित केला की, ती सुरू होई. सिलिंडर व शीर्षांची संख्या इ. माहिती चालकाने स्वतः भरावयाची असे.

चकतीच्या पेटीवर कारखान्याने एक चिठ्ठी चिकटविलेली असे. पृष्ठाच्या लेपात जेथे दोष आढळला, त्या स्थानांचे सिलिंडर व शीर्ष क्रमांक तीवर छापलेले असत. आखणीच्या वेळी ते क्रमांक एकेक करून हाताने भरल्यास ते पथ वापरातून वगळले जात. ही चिठ्ठी फाटली किंवा पेटी संगणकात बसविल्यावर ती दिसेनाशी झाली, तर सदोष पथांची ओळख उरत नसे. म्हणून तिची नक्कल संगणकाच्या कागदपत्रांत ठेवणे हिताचे ठरे.

आखणीतील सर्वांत नाजूक निवड सेक्टरच्या क्रमाची (इंटरलीव्ह) असे. चकती मिनिटास ३,६०० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्यास सु. १६·७ मिलिसेकंद आणि १७ सेक्टरच्या पथावर एका सेक्टरला सु. एक मिलिसेकंद लागतो. वाचलेला सेक्टर स्मृतीत पोहोचवून पुढची मागणी करण्यास संगणकाला याहून अधिक वेळ लागत असे. तेवढ्यात लगतचा सेक्टर शीर्षाखालून निघून जाई व तो पुन्हा येण्यासाठी जवळजवळ पूर्ण फेरा थांबावे लागे. यावर उपाय म्हणून लागोपाठचे क्रमांक पथावर लगत न देता काही अंतर सोडून दिले जात. पीसी/एक्सटीमध्ये हे प्रमाण सहास एक व १९८४ च्या पीसी/एटीमध्ये तीनास एक असे होते. सहास एक या प्रमाणात संपूर्ण पथ सहा फेऱ्यांत, म्हणजे सेकंदास ८७,०४० बाइट या वेगाने, वाचता येई. परंतु ज्या संगणकाला सहाची गरज आहे, त्याच्या चकतीवर पाचाचे प्रमाण ठेवल्यास प्रत्येक सेक्टरसाठी एकेक फेरा जाऊन वेग सेकंदास ३०,७२० बाइटच्याही खाली घसरे. एका अंकाच्या चुकीने यंत्र निम्म्याहून अधिक मंद होई आणि त्याचे कारण पडद्यावर कोठेही दिसत नसे.

उष्णतेचा परिणाम हा निम्नस्तरीय आखणीशी निगडित असा आणखी एक प्रश्न होता. स्वस्त चकत्यांत शीर्षे पायरीपायरीने फिरणाऱ्या (स्टेपर) मोटरीने हलविली जात. मोटर ठराविक पायऱ्या सरकली की, शीर्ष पथावर आले असे गृहीत धरले जाई. ते खरोखर पथाच्या मध्यावर आले किंवा नाही, हे तपासण्याची सोय नसे. एसटी-४१२ या १० मेगॅबाइटच्या चकतीवर एका इंचात ३४५ पथ होते, म्हणजे दोन पथांमधील अंतर सु. ०·०७ मिमी. होते. ॲल्युमिनियमची चकती २०° से.ने तापली, तर मध्यापासून ५ सेंमी. अंतरावरील बिंदू सु. ०·०२ मिमी. बाहेर सरकतो. हे सरकणे दोन पथांमधील अंतराच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे. शीर्षांचे दांडे व सांगाडाही प्रसरण पावत असल्याने बरीचशी भरपाई होत असे, परंतु ती संपूर्ण नसे. थंड यंत्रावर केलेली आखणी व तापलेल्या यंत्राने केलेले लेखन यांत थोडे अंतर पडे. वर्षानुवर्षे ते वाढून सेक्टरच्या सीमाखुणा वाचता येईनाशा होत. यंत्र अर्धा-पाऊण तास चालवून मगच आखणी करावी आणि ठराविक काळाने सर्व माहिती दुसरीकडे उतरवून आखणी पुन्हा करावी, हा नियम यातूनच निघाला.

विभाजन कोष्टक : आखणी झालेल्या चकतीच्या अगदी पहिल्या सेक्टरला प्रमुख आरंभ सेक्टर (मास्टर बूट रेकॉर्ड) म्हणतात. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिल्या ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारी छोटी आज्ञावली, पुढील ६४ बाइटांत विभाजन कोष्टक आणि शेवटच्या दोन बाइटांत ‘५५ एए’ ही षोडशमान खूण असते. कोष्टकात प्रत्येकी १६ बाइटांच्या फक्त चार ओळी मावतात. प्रत्येक ओळीत तो भाग आरंभासाठी निवडलेला आहे की नाही, त्याचा प्रकार, आरंभीचे व शेवटचे स्थान आणि सेक्टरची संख्या यांची नोंद असते. संपूर्ण चकतीचा हिशेब या ६४ बाइटांवर चालतो आणि त्याची दुसरी प्रत चकतीवर कोठेही ठेवलेली नसते.

या कोष्टकाचा मूळ हेतू एकाच चकतीवर भिन्न परिचालन प्रणाली नांदाव्यात हा होता. डॉसशेजारी सीपी/एम-८६ किंवा झेनिक्स या प्रणालींना जागा देता यावी, म्हणून चार ओळी ठेवण्यात आल्या. डॉस २·० ला स्वतःसाठी त्यांपैकी एकच भाग घेता येत असे. १० मेगॅबाइटच्या चकतीत याने काही अडत नव्हते. मोठ्या चकत्या आल्यावर मात्र एका प्रणालीलाच अनेक भागांची गरज पडली. तेव्हा डॉसच्या ३·३ या आवृत्तीत (१९८७) विस्तारित विभाग (एक्स्टेंडेड पार्टिशन) ही योजना करण्यात आली. चार ओळींपैकी एक ओळ विस्तारित विभागाला देऊन त्याच्या आत डी ते झेड या अक्षरांपर्यंत तार्किक चकत्या पाडता येऊ लागल्या. प्रत्येक तार्किक चकतीच्या आरंभी एक छोटे कोष्टक असून त्यात पुढील चकतीचा पत्ता असतो. ही साखळी मध्येच तुटली, तर पुढील सर्व चकत्या एकदम दिसेनाशा होतात.

उच्चस्तरीय आखणी : फॉरमॅट या आज्ञेने विभागात चार गोष्टी मांडल्या जातात : आरंभ सेक्टर, फाईल वाटप कोष्टक (फॅट), मूळ निर्देशिका व माहितीचे क्षेत्र. यांपैकी फाईल वाटप कोष्टकाची कल्पना १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅक्‌डॉनल्ड यांनी बेसिक भाषेच्या एका आवृत्तीसाठी प्रथम योजली होती. १९८० मध्ये टिम पॅटर्सन यांनी ती आपल्या ८६-डॉस या प्रणालीत बारा अंकी (१२ बिट) स्वरूपात घेतली आणि तेथून ती डॉसमध्ये आली. माहितीचे क्षेत्र समान गटांत (क्लस्टर) विभागलेले असते. निर्देशिकेत फाईलचे नाव व तिचा पहिला गट लिहिलेला असतो आणि पुढचा गट कोणता, हे कोष्टक सांगते. म्हणून एकाच फाईलचे तुकडे चकतीवर दूरदूर पसरलेले असले, तरी ते क्रमाने सापडतात. या कोष्टकाच्या दोन प्रती ठेवण्यात येतात. परंतु त्या एकमेकींस लागूनच असल्यामुळे एका आघातात दोन्ही नष्ट होण्याचा संभव राहतो.

फ्लॉपीवर फॉरमॅट ही आज्ञा जुना मजकूर खरोखर पुसून टाकी. हार्ड डिस्कवर मात्र डॉसच्या प्रचलित आवृत्त्यांत ती सर्व सेक्टर केवळ वाचून पाही आणि वाटप कोष्टक व मूळ निर्देशिका तेवढी कोरी करी. माहितीच्या क्षेत्राला ती हात लावीत नसे. त्याचप्रमाणे फाईल काढून टाकली असता तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठराविक खूण ठेवली जाई व कोष्टकातील तिचे गट मोकळे म्हणून दाखविले जात. प्रत्यक्ष मजकूर त्या जागी दुसरे लेखन होईपर्यंत तसाच राही. आज्ञा देताच ‘या चकतीवरील सर्व माहिती नष्ट होईल’ असा इशारा पडद्यावर येई. त्यात सांगितलेली हानी प्रत्यक्षात होणाऱ्या हानीपेक्षा मोठी होती.

आकारमर्यादांचा इतिहास : वरील नोंदींत प्रत्येक अंकासाठी किती जागा ठेवली, यावर चकतीची कमाल उपयोज्य मर्यादा ठरते. बारा अंकी कोष्टकात सु. चार हजार गटांचीच नोंद होऊ शके. डॉसच्या ३·० आवृत्तीत (१९८४), २० मेगॅबाइटची चकती असलेल्या पीसी/एटीबरोबर, सोळा अंकी कोष्टक आले. तथापि विभागातील सेक्टरची संख्याही सोळा अंकांत लिहिली जात असल्याने ६५,५३६ सेक्टरपलीकडे, म्हणजे ३२ मेगॅबाइटपलीकडे, एक विभाग जाऊ शकत नव्हता. ४० मेगॅबाइटची चकती विकत घेणाऱ्यास ती दोन अक्षरांत वाटून घ्यावी लागे. नोव्हेंबर १९८७ मध्ये कॉम्पॅक कंपनीच्या डॉस ३·३१ या आवृत्तीने व १९८८ मध्ये डॉस ४·० ने ही मर्यादा उठविली.

मर्यादा उठली, तरी गटांची संख्या सोळा अंकांतच राहिल्यामुळे गटाचे आकारमान वाढवावे लागले. १२८ मेगॅबाइटपर्यंतच्या विभागात गट २ किलोबाइटचा असे, तर एक ते दोन गिगॅबाइटच्या विभागात तो ३२ किलोबाइटचा होई. गट हे वाटपाचे सर्वांत लहान एकक असल्याने एक किलोबाइटचे पत्रही तेथे ३२ किलोबाइट जागा अडवी. बारीकसारीक फाईली पुष्कळ असतील, तर चकतीचे लहान विभाग करणे अधिक काटकसरीचे ठरे. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या फॅट ३२ या पद्धतीने हा अपव्यय कमी झाला.

दुसरी मर्यादा दोन पद्धतींच्या संयोगातून उत्पन्न झाली. संगणकाच्या मूलभूत आज्ञासंचात (बायॉस) १,०२४ सिलिंडर, २५६ शीर्षे व ६३ सेक्टर यांची सोय होती. १९८६ पासून प्रचारात आलेल्या आयडीई चकत्यांत सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, परंतु शीर्षे १६ पर्यंतच. स्वतंत्रपणे पाहता पहिली पद्धत ८ गिगॅबाइटपर्यंत व दुसरी त्याच्या कित्येक पट जाऊ शकली असती. दोहोंतील लहान अंकच एकत्र वापरता येत असल्याने प्रत्यक्षात १,०२४ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, एवढीच मर्यादा उरली. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तिचा अडथळा सर्वत्र जाणवला व स्थानांना सलग क्रमांक देण्याच्या पद्धतीने तो दूर झाला. आयडीई चकत्यांत नियंत्रक चकतीच्याच पेटीत आल्याने निम्नस्तरीय आखणी कारखान्यात कायमची होऊ लागली. डीबग, सेक्टरक्रमाचे प्रमाण व दोषांची चिठ्ठी यांचा संबंध वापरणाऱ्याशी त्यामुळे उरला नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रसार : नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने जाहीर केलेल्या नव्या संगणक धोरणाने आयात व परवान्यांचे निर्बंध सैल झाले आणि पीसी/एक्सटीच्या धर्तीवरील संगणक देशात जुळविले जाऊ लागले. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवालही त्याच वर्षीचा आहे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावरील खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे, म्हणजे ग्रामीण भागात भरलेल्या पहिल्या अधिवेशनामुळे, देशभर परिचित झालेल्या जळगाव जिल्ह्यातील (ता. यावल) फैजपूर येथे तापी व्हॅली एज्युकेशन सोसायटीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्येच स्थापन झाले. हार्ड डिस्कयुक्त व्यक्तिगत संगणकाचे आणि खानदेशातील अशा ग्रामीण तंत्रशिक्षणाचे आरंभवर्ष एकच असावे, हा योगायोग लक्षणीय आहे. जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये झाली.

तापी खोऱ्याच्या या भागात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व हिवाळ्यात पहाटे ते १०° से.च्या जवळपास उतरते. संगणकाच्या पेटीतील तापमान खोलीतील तापमानाहून नेहमीच अधिक असते. आखणी व लेखन यांच्या तापमानांतील तफावतीचा वर सांगितलेला दोष अशा हवामानात सर्वाधिक संभवतो. संगणक-कक्ष वातानुकूलित ठेवण्याचा व आत पादत्राणे न नेण्याचा त्या काळातील दंडक काहींना बडेजावाचा वाटे. परंतु उष्णता व धूळ या चकतीच्या दोन शत्रूंचा विचार करता त्याला आधार होता. वीजपुरवठा अचानक खंडित झाल्यास चालू असलेले लेखन अर्धवट राहते. ते लेखन नेमके वाटप कोष्टकाचे असेल, तर एका क्षणात अनेक फाईलींचे गट अनाथ होतात. असे सुटे गट शोधून त्यांना फाईलीचे रूप देण्यासाठी डॉसमध्ये चेकडिस्क ही आज्ञा होती. यंत्र एका जागेवरून दुसरीकडे नेण्यापूर्वी शीर्षे रिकाम्या पथावर नेऊन ठेवण्याची (पार्क) आज्ञा देणेही आवश्यक असे. ती विसरल्यास वाटेतील हादऱ्याने शीर्ष चकतीवर आपटून लेपच खरवडला जाई. ही हानी नोंदीची नसून प्रत्यक्ष मजकुराची असल्याने भरून येत नसे.

माहितीची दुसरी प्रत ठेवणे खर्चाचे व कंटाळवाणे होते. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर १० मेगॅबाइटची भरलेली चकती उतरविण्यास सु. ३० व २० मेगॅबाइटची उतरविण्यास सु. ६० फ्लॉप्या लागत. त्यांतील एक खराब निघाली, तरी मोठी फाईल अपुरी राही. पतपेढी, कारखाना किंवा महाविद्यालय यांच्या कार्यालयात सभासदांची खाती, पगारपत्रके व गुणपत्रके एकाच चकतीवर आली, तेव्हा ६४ बाइटांच्या कोष्टकाशी अनेकांच्या व्यवहाराचा संबंध आला. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात हाताने लिहिलेल्या वह्या समांतर चालू ठेवण्याची जी पद्धत होती, तिला जुन्या सवयीपेक्षा हे अधिक सबळ कारण होते.

संगणक विषाणू : प्रमुख आरंभ सेक्टर संगणक सुरू होताच सर्वप्रथम वाचला जातो. त्यामुळे तेथे शिरलेल्या आज्ञावलीला परिचालन प्रणालीच्याही आधी यंत्राचा ताबा मिळतो. पहिला पथ बहुतांशी रिकामाच सोडलेला असल्याने लपण्यास जागाही आयती मिळते. विभाजनाच्या पद्धतीतील या दोन गोष्टींचा लाभ १९८७ नंतर विषाणूंनी घेतला. लाहोर येथे १९८६ मध्ये उगम पावलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभ सेक्टरपुरताच होता. न्यूझीलंडमधील स्टोन्ड या विषाणूने हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर ताबा मिळविण्याची रीत रूढ केली. जून १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू याच जातीचा होता. तो दरवर्षी ५ जानेवारीस संगणक अडवून धरी व ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. कळफलकावरून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून जात नसे आणि पहिला सेक्टर वाचू पाहणाऱ्यास मूळची शुद्ध प्रत दाखवून आपले अस्तित्व झाकून ठेवी. १९९१ मध्ये आढळलेला मायकेलअँजेलो हा विषाणू याहून घातक होता. तो ६ मार्च रोजी चकतीचा आरंभीचा भाग निरर्थक अक्षरांनी भरून टाकी.

डॉस ५·० (१९९१) पासून एफडिस्क आज्ञेस ‘/एमबीआर’ ही पुस्ती जोडल्यास पहिल्या सेक्टरमधील आज्ञावली नव्याने लिहिली जाई व कोष्टक तसेच राही. स्टोन्डसारख्या विषाणूंवर हा रामबाण उपाय होता. परंतु मंकी नावाचा विषाणू मूळ कोष्टक बदलून दुसरीकडे लपवीत असे. तेथे हाच उपाय केल्यास विषाणू जाई व त्याबरोबर चकतीचा मार्गही जाई. रोगाची जात न ओळखता दिलेले औषध अपायकारक ठरल्याचे हे उत्तम उदाहरण होय. याच काळात पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी दुरुस्तीच्या व्यवसायातून विषाणूप्रतिबंधक आज्ञावलीच्या निर्मितीकडे वळून क्विक हील हे उत्पादन सिद्ध केले. विषाणूग्रस्त चकती सरसकट पुन्हा फॉरमॅट करण्याऐवजी रोग तेवढा काढून माहिती वाचविणे, हे अशा आज्ञावलींचे खरे कार्य होते.

पुनःप्राप्ती : मजकूर व नोंद यांतील भेद ओळखून नष्ट वाटणारी माहिती परत मिळविण्याची साधने लवकरच निघाली. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आज्ञावलीसंचात काढून टाकलेली फाईल परत आणण्याची सोय होती. पॉल मेस यांच्या संचाने चुकून फॉरमॅट झालेली हार्ड डिस्क पूर्वस्थितीत आणण्याची सोय केली. डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत चकतीचे अक्षर न देता फॉरमॅट ही आज्ञा दिली, तर ती चालू चकतीवरच चाले. फ्लॉपी आखण्यास बसलेल्या माणसाकडून हार्ड डिस्क आखली जाण्याचे प्रकार त्यामुळे घडत. पुढील आवृत्त्यांत अक्षर देणे सक्तीचे झाले आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत तिला दिलेले नावही विचारले जाऊ लागले. डॉस ५·० मध्ये फॉरमॅटपूर्वीचे कोष्टक चकतीवरच जपून ठेवण्याची व अनफॉरमॅट या आज्ञेने ते परत आणण्याची सोय झाली. अशा अपघातानंतर पाळावयाचा मुख्य नियम मात्र साधनांपेक्षा जुना आहे : चकतीवर नवे काहीही लिहू नये. घाईने प्रणाली पुन्हा उतरविणाऱ्यांनी वाचू शकणारा मजकूर स्वतःच्या हाताने पुसला.

उत्तरकाल : १९८३ च्या कोष्टकात सेक्टरची संख्या लिहिण्यास ३२ अंक होते. १० मेगॅबाइटच्या काळात ही जागा अमर्याद वाटावी अशी होती, कारण तिच्यात २,१९,९०२ कोटी बाइटांहून अधिक क्षमतेची नोंद होऊ शकते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बाजारातील चकत्या या मर्यादेस पोहोचल्या आणि जुन्या कोष्टकाची जागा जीपीटी या कोष्टकाने घेण्यास सुरुवात केली. यात सामान्यतः १२८ विभागांची नोंद करता येते आणि स्थाने ६४ अंकांत लिहिली जातात. याखेरीज नोंद शुद्ध आहे की नाही, हे पडताळणारा तपासणी अंक तीत असतो व संपूर्ण कोष्टकाची दुसरी प्रत चकतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली असते. जुन्या साधनांनी चकती कोरी समजून तिच्यावर लेखन करू नये, म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीच्या कोष्टकाची एक ओळ अजूनही भरून ठेवण्यात येते.

चकत्यांची क्षमता या काळात लक्षावधी पटींनी वाढली. नोंदीची दुसरी प्रत, आणि तीही मूळ प्रतीपासून दूर, ठेवली पाहिजे, हे तत्त्व मात्र विभाजन कोष्टकात येण्यास दोन दशके लागली. गावदप्तराची एक प्रत गावी व दुसरी तालुक्याला ठेवणाऱ्या महसूल व्यवस्थेला ते पूर्वीपासून ठाऊक होते.